शुक्रवारी सहापर्यंत

सोम. ७ जुलै
ऑनलाइन विद्यापीठवाल्यांचा मेल आला. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.ला, प्रवेश मिळाला. शुक्रवारी सं. सहापर्यंत फी भरून कन्फर्म करायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. भरलेली फी परत नाही.
आई नुकतीच अंगणवाडीतून आलेली, पदर कमरेला तसाच खोचलेला. मेल वाचून दाखवला. म्हणाली, "बरं झालं माय. घरातच शीक. कोनी हसायला नको."
हसायला नको म्हणजे माझ्या अडखळण्याला. तो शब्द तिनं आजवर तोंडातून काढलेला नाही.
मग सांगितलं की कॉलेजचाही फॉर्म भरलाय, परवा मुलाखत. तिनं पदर सोडून पुन्हा खोचला. शेवटी, "मी येते संगं."

मंगळ. ८ जुलै
महापेचं ऑफिस. दिवसभर कस्टमर केअरचं चॅट. चार वर्षं ग्राहकांशी टाइप करून बोलतेय. एकालाही माझा आवाज माहीत नाही. बोटं अडखळत नाहीत.
शेजारच्या डेस्कवरची रेश्मा: "ऑनलाइन घे ना. कॅमेरा बंद, माइक बंद. जॉबपण राहील. कशाला टेन्शन घेते?"
खरंय तिचं. कॉलेज म्हणजे नोकरी सोडायची, दोन वर्षं रोज वर्ग, वर आठवड्यातून दोन दिवस वस्तीत फिल्डवर्क. अनोळखी दारात उभं राहून बोलायचं.
पण मला हे शिकायचंय तेच त्यासाठी. पप्पांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात समाजसेविका ताई होत्या. कुठला फॉर्म, कुठली रांग, डॉक्टर म्हणाले त्याचा अर्थ काय, सगळं शेजारी बसून सांगायच्या. पप्पा गेले त्या दिवशीही आल्या होत्या, काहीच न बोलता बसल्या. ते टाइप करून कसं होणार?

बुध. ९ जुलै
मुलाखत.
कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कनं नाव विचारलं. "प्र..." ओठ मिटले ते मिटलेच. मागच्या रांगेत कुजबुज. आई पुढे झाली. "प्रज्ञा. प्रज्ञा नाव हाय तिचं."
त्यानंतर तो आईशीच बोलला. "हिची मार्कशीट? हिला लिहिता-वाचता नीट येतं ना?" मी पंचवीस वर्षांची, बी.ए. फर्स्ट क्लास, बाजूला उभी.
आत एकटी गेले. दोन मॅडम, एक सर. वयस्कर मॅडमनी विचारलं, "वस्तीत लोकांशी कसं बोलशील?" उत्तराला किती वेळ लागला माहीत नाही. पंख्याखाली कागद फडफडत होते, तेवढंच ऐकू येत होतं. पण सांगितलं, सगळं सांगितलं. माझं वाक्य त्यांनी मध्येच पुरं केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी थांबले. सगळे थांबतील असं सांगून तुला फसवणार नाही."
बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.
परत येताना बसमध्ये भांडण. "तू मध्ये का बोललीस?" एवढं विचारायला सानपाड्यापासून जुईनगरपर्यंतचा रस्ता गेला. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तवा तुझं तोंड बघवत नाही मला."

गुरु. १० जुलै
कॉलेजच्या मुख्य यादीत नाव नाही. प्रतीक्षा यादीत तिसरी. प्रतीक्षावाल्यांना सोमवारी बोलावलंय, जागा सुटल्या तर. ऑनलाइनची मुदत उद्या.


शुक्र. ११ जुलै
मुदत वाढवून मागावी म्हणून ऑनलाइनवाल्यांच्या चॅटवर लिहिलं. उत्तर: "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया हेल्पलाइनवर फोन करा." मी हेच वाक्य लोकांना रोज पाठवते. किती राग येत असेल ते आज कळलं.
फोन केला. "हॅलो? आवाज येत नाहीये." कट. दुसऱ्यांदा तेच. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तिसऱ्यांदा. ही मुलगी थांबली. पूर्ण ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. "सिस्टिम सहाला बंद होते, मॅम."
लवकर निघून कामोठ्याला घरी आले. साडेपाचपासून लॅपटॉपसमोर, कन्फर्मचं पान उघडून. आई खुर्चीमागे उभी. "दाब ना, प्रज्ञा."
मी हात मांडीवरच ठेवले.
सहा वाजले. पान आपोआप बदललं: मुदत संपली. आई स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसून राहिले. हे धाडस केलं की मूर्खपणा?

रवि. १३ जुलै
दोन दिवस कामापुरतं बोलणं. आज भाकरी थापताना, पाठ माझ्याकडे: "नाही लागला नंबर तर?"
"माहीत नाही."
"आन लागला तर?"
मी पिठाची परात तिच्याकडे सरकवली.
मग तिनंच सांगितलं. पहिलीत बाईंनी मला वाचायला उभं केलं, पोरं हसली. घरी येऊन मी आठ दिवस तोंड उघडलं नाही. "मला वाटलं, ही आता बोलतच नाही कधी."
मला यातलं काहीच आठवत नाही. ती मात्र हे घेऊनच माझ्यासोबत खिडक्यांवर उभी राहत आली.

सोम. १४ जुलै. कॉलेज, स. अकरा
बाकावर बसून लिहितेय. 
दोन जागा सुटल्यात. नाव पुकारलं की उठून पूर्ण नाव सांगायचं आणि आत जायचं. दोनदा पुकारून कोणी उठलं नाही तर पुढचा नंबर. यादीतली पहिली मुलगी आत गेली. दुसऱ्या मुलाचं नाव एकदा पुकारून झालं. कोणी उठलं नाही.
आई आलीय. येऊ नको म्हटलं होतं. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि व्हरांड्याच्या पार त्या टोकाला जाऊन बसली. इकडे बघत नाही.
शिपाईमामा पुन्हा दारात. त्या मुलाचं नाव दुसऱ्यांदा. जिन्याकडे बघून थांबले. कोणी नाही.
कागदावरचं बोट खाली सरकवतायत, माझ्या नावावर.
आई उठली. परत बसली.