आज किती दुखतंय?

वरवंड

रश्मीताई,

"आमच्या गौतमीला काय व्हतंय? दगड हाय ती," असं माझी आई कौतुकानं म्हणायची. तेव्हापासून मला कुणी दुखण्याचं विचारलंच नाही.

गर्भपिशवी काढल्यावर दौंडच्या दवाखान्यात दुखण्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीत मी नाव दिलं, आणि रोज संध्याकाळी नोंद घ्यायला दवाखान्यातून तुमचा फोन येऊ लागला. "ताई, शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय?" विचारून तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबता.

दुखणं कधीच गेलंय. तरी मी "सहा" सांगते. परवा कांद्याच्या रानात फोन वाजला, तेव्हा डोक्यावरची पाटी उतरवून मी कण्हत बोलले. सोबतची ललिता तोंडात पदर कोंबून हसत होती. नंतर म्हणाली, "अगं, आत्ता तर पाटी घिऊन पळत व्हतीस! फोनवरच कशी मेलीस?"

मीही हसले. पण काल तुम्ही काळजीनं म्हणालात, "या गोळीनं गुण येत नाही, असंच डॉक्टर लिहितील." जिला खरंच दुखतंय अशा कुणा बाईला ती गोळी माझ्यामुळं मिळणार नाही.

हे पत्र पाठवायचं धाडस मला होणार नाही. झालंच, तर माझी उत्तरं खोडा, मला चाचणीतून काढा. आणि त्यानंतरही एखाद्या संध्याकाळी फोन करा. तुम्ही नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी करा, मला काही दुखत नसताना.

तुमची खोटारडी पेशंट,
गौतमी