जिथे गिरणी होती

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (पोट आडवं येतं, पण सहा अंगं नक्की टेकली आहेत). तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे कालपासून एक माणूस वाढलं. मुलगी! दोघी खुशाल आहेत. पण खुशाल कशा राहिल्या, ते ऐकच.

आमचा हा आडवळणाचा जिल्हा भलताच वाढतोय. काल शेत होतं तिथे आज चौक, आज चौक आहे तिथे उद्या पूल. माणसं मात्र पत्ता सांगतात तो नसलेल्या वस्तूंचा. गिरणी होती तिथून वळा, मोठं झाड होतं तिथे थांबा. (दोन्ही जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला इथे येऊन जेमतेम आठ महिने, पण वाण नाही तरी गुण लागला.) काल दुपारी हिला कळा सुरू झाल्या आणि मी अॅम्ब्युलन्सवाल्याला छातीठोकपणे तोच पत्ता दिला. ड्रायव्हर नवा. थोड्या वेळाने त्याचा फोन, "साहेब, गिरणी दिसत नाही हो!" "दिसेल कशी? ती पाडली!" असं मी ओरडलो, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. आत ही कण्हत होती.

शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी एका हाताने हिला धरलं आणि दुसऱ्या हाताने चार फोन केले. पाच मिनिटांत झाडाच्या जागी बेकरीवाला, बुजवलेल्या विहिरीच्या जागी निवृत्त मास्तर आणि गिरणीच्या जागी मी, असे हात लांब करून उभे राहिलो. (याच लोकांना मी रिकामटेकडे, नको तितके चौकस म्हणत होतो. जीभ झडो माझी.) गाडी एकेक हात बघत वळत आली, माझ्यासमोरून गेली आणि हिला घेऊन पलीकडच्या नव्या रस्त्याने निघूनही गेली. मी तसाच उभा. हात खाली घ्या असं कुणी म्हणालंच नव्हतं! तासाभराने बेकरीवाला धावत आला, "अहो, इथे काय करताय? मुलगी झाली तुम्हाला!" मी भर रस्त्यात रडलो. आत्या, या माणसांचे उपकार फिटायचे नाहीत.

तुझा भाचा

ता. क. : मी मागच्या गाडीने येत होतो असं हिला सांगितलंय. तूही तेच सांग.

ता. क. २ : या रानात राहायचं नाही, माडीवरची खोली आमच्यासाठी राखून ठेव, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती दुसऱ्या कुणाला दे. आम्ही येत नाही. तूच ये, आणि लवकर ये. मुलीला अंघोळ घालायची आम्हा दोघांनाही भीती वाटते, आणि मावशींनी तरी शिवण टाकून रोज किती यायचं?