बहिणीच्या खरेदीखतावर माझी सही

अण्णा,

मागच्या आठवड्यात आपलं बीडचं घर विकलं. आपलं म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. घर धाकटीचं होतं, तुम्हीच तिला बक्षीसपत्र करून दिलं होतं. तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून दवाखान्याजवळ तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट तिनं बघितला आणि घराला गिऱ्हाईक शोधलं. मालकीण ती, विकणार ती. मला विचारायचं कुणाला काही कारण नव्हतं. तरी तिचा फोन आला, "आक्का, सहीला ये."

माझी कसली सही, मी विचारलं. घेणाऱ्याच्या वकिलानंही तिला तेच सांगितलं होतं. बक्षीसपत्र नोंदलेलं आहे, मालमत्ता पत्रकावर तिचं नाव आहे, घरपट्टीची पावती आहे, बहिणीचा संबंध येतोच कुठं? "त्याला काय कळतंय," ती म्हणाली. "लागणारे कागद समदे हायत. पण तुझी संमती असलेली बरी. तू सही करणार नसशील तर मी इकत न्हाई घर. पडते एक दिवस जिन्यावरून, मग ये रडायला."

असलेली बरी. हे तुमचं बोलणं, अण्णा. तिच्या तोंडी ते इतकं सहज येतं की तिला ते तुमचं आहे हेही आठवत नसेल. फोन ठेवला आणि माझ्या अंगाची आग झाली. या वयात, पांढऱ्या केसांनी, धाकट्या बहिणीचा हेवा करत मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी होते.

नोंदणी कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टेबल होतं. दस्त लिहून घ्यायला कुणी आलं की त्याचे कागद तुम्ही दोन बाजूंना लावायचात. इकडे लागतात ते, तिकडे असलेले बरे. मूळ खरेदीखत, मोजणीचा नकाशा, कर भरल्याची पावती इकडे. ताबा दिल्याचा कागद, सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याचं लिहून घेतलेलं, आणि विकणाऱ्याच्या बहिणींची संमती तिकडे. मे महिन्याच्या सुट्टीत मी बोर्डिंगातून आले की तुम्ही मला तिथं न्यायचात, खुर्ची पुसून बसवायचात, सरबत मागवायचात. "ही थोरली. औरंगाबादला नन लोकांच्या शाळेत असते," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. धाकटी खाली सतरंजीवर बसून कागदांना टाचण्या लावायची. तिच्या वेळेला बोर्डिंगचा खर्च झेपेना, म्हणून ती बीडच्याच शाळेत राहिली. सगळे म्हणायचे, थोरलीनं नशीब काढलं. मला ती सतरंजी हवी होती.

चौसाळ्याचा तो माणूस आठवतो? गळ्यात इष्टलिंग, किराणा दुकान, बीडमधलं घर विकायला आलेला. तुम्ही नेहमीचं विचारता, "बहिणी किती?"

"एकच हाय. युसूफवडगावला दिली. पण तिला काहून बोलवायचं अण्णा? घर माझ्या कमाईचं हाय."

"कायद्यानं न्हाई लागत. तरी बोलाव."

"आन् साडी तुमी घेता का तिला? सही म्हणली की साडीचोळी आली."

"घेतो की. रंग तू सांग."

शेडमधले सगळे हसतात. दोन दिवसांनी ती बाई एसटीनं येते, पदरानं घाम पुसत टेबलापाशी बसते, अंगठा उठवते. काहीच तिचं नसतं, तरी उठताना भावाच्या घराला हात जोडावेत तसे त्या कागदाला हात जोडते. नंतर तुम्ही धाकटीला सांगता, "उद्या दारात येऊन ती म्हणली न्हाई पाहिजे, मला कुणी इचारलं न्हाई." हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मी शेजारी होते म्हणून ऐकलं.

आणि तो दुसरा दिवस. कच्चा दस्त उतरवताना धाकटीनं चतुःसीमेत पूर्व आणि पश्चिम उलटी लिहिली. तुम्ही सगळ्यांसमोर कागद तिच्या अंगावर भिरकावला. "डोळे हायत का बटनं? जा, त्या घरासमोर हुबी ऱ्हा, सूर्य कुठून येतो बघून ये!" ती रडत रडत उन्हात गेली. तिच्या जागी मला दुसऱ्या दस्ताची नक्कल करायला मिळाली, आणि मी घेणाऱ्याच्या जागी विकणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं. चूक तिच्यापेक्षा मोठी होती. तुम्ही कागद हळूच काढून घेतलात आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणालात, "असू दे बाळ. तुला हे कशाला?" तिच्याशी घरच्यासारखं बोलायचात, माझ्याशी शाळेतल्यासारखं. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही, अण्णा. तुम्ही मला जन्मभर एकदाही रागावला नाहीत. चांगल्या वडिलांची खूण म्हणून मी हे माझ्या मुलांना सांगत आले.

ती तुमच्याजवळ राहिली, तुमचं टेबल तिनं चालवलं, तुमचं दुखणं काढलं. घर तिलाच द्यायला हवं होतं. ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण बक्षीसपत्र झाल्यावर महिन्याभरानं मला ते धाकटीकडून कळलं. युसूफवडगावच्या बाईला निरोप धाडणारे तुम्ही, मला दोन ओळींचं कार्ड टाकलं नाहीत. मी काही म्हणणार नाही, याची तुम्हाला खात्री असणार. ती खात्रीच मला टोचते. धाकटीला न विचारता तुम्ही माझ्या नावे काही केलं असतं, तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं.

म्हणून चार दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. नाही म्हणावं, असं मनापासून वाटत होतं. कायद्याला नको असलेली माझी सही एवढी एकच गोष्ट होती, जी तिच्याकडे नव्हती आणि माझ्याकडे होती. पाचव्या दिवशी बीडच्या बसमध्ये बसले.

कचेरी आता नवीन आहे. काचेपलीकडच्या मुलीनं दस्त चाळला आणि मला विचारलं, "मावशी, तुमचा हिस्सा किती होता?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "हिस्सा न्हाई. बहीण हाय."

मी सही केली, यंत्रावर अंगठा ठेवला. फोटोसाठी मान खाली गेली तर धाकटी खेकसली, "वर बघ की गं! इंग्रजी शाळेत फोटो काढत नव्हते का?" लोक हसले. मीही हसले. संमती देणार म्हणून माझं नाव तिच्या नावाखाली छापलं गेलं.

संध्याकाळी किल्ल्या देऊन आम्ही रिक्षात बसलो. कोपरा वळला आणि ती एकदम रडायला लागली. "अण्णांचं काय न्हाई राहिलं आता माझ्याजवळ," म्हणाली. "तू लई मोठ्या मनाची आक्का. दुसरी कुणी आली नसती." मी तिचा हात मांडीवर घेऊन थोपटत राहिले, थोरल्या बहिणीनं थोपटावा तसा.

हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जायचं नाही, म्हणून लिहिते. सही मी तिच्या गुडघ्यांसाठी केली नाही. मी गेले नसते तर ते घर तिच्याकडेच राहिलं असतं. ती रडत होती, तिचा हात माझ्या हातात होता, आणि तुमचं म्हणून आता दोघींकडे सारखंच, काहीच नाही, या विचारानं मला फार बरं वाटत होतं.