दोरीचा आवाज

ता. ४, मंगळवार

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघूनच तुम्ही ओळखलं असेल की भाचीनं नवा उपद्व्याप केलाय. फोन केला असता, पण मी ओरडायचं, तुम्ही भलतंच ऐकायचं आणि तुमच्या अख्ख्या वर्कशॉपनं हसायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

मी धनुष्य घेतलंय. जुनं, लाकडी, पन्नासेक वर्षांचं. उभं धरलं की माझ्या हनुवटीला लागतं, आणि मुठीच्या चामड्यावर आधीच्या मालकाच्या बोटांचे खळगे पडलेत. हसू नका. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासते, नजर वीतभर अंतराच्या पुढे जात नाही. आता काहीतरी लांबचं बघावं, त्यावर नेम धरावा, असं फार वाटतं.

ज्या आजींकडून घेतलं त्या आमच्या गिऱ्हाईक. आता कुठल्याच नंबरानं त्यांना दिसत नाही. त्यांचे यजमान रोज संध्याकाळी परसात सराव करायचे आणि आजी स्वयंपाकघरातून दोरीचा आवाज ऐकायच्या. ते जाऊन चार वर्षं झाली. धनुष्य देताना आजींनी एकच अट घातली, की रविवारी मी येईन, तो आवाज मला एकदा ऐकव. त्यांच्यासाठी एवढं तरी नीट व्हायला हवं. तुम्ही सुतार, तेव्हा जुन्या लाकडाची काय काळजी घेऊ ते लगेच कळवा.

कळावे. रागवा हवं तर, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची भाची

ता. ७, शुक्रवार

चि. खटपटी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं आणि रंधा तसाच ठेवून लिहायला बसलो. मागे गिटार आणली होतीस, तिच्यावर आता तुझी आई टॉवेल वाळत घालते. असो.

कापसाचा बोळा लाकडावरून फिरव. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे असं समज. काम झालं की दोरी उतरवून ठेव. आणि हे नीट वाच : बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जाणारा सगळा जोर मग लाकडालाच सोसावा लागतो, आणि जुनं लाकूड एका फटक्यात जातं.

आजींना आवाज जरूर ऐकव. करवतीपाशी चाळीस वर्षं घालवून माझे कान गेले. तुझ्या मामीचं बोलणं आता निम्मंच पोचतं. ऐकू येत होतं तेव्हा काय होतं, ते मला विचार.

कळावे. हट्ट असू दे, पण जपून.

मामा

ता. १०, सोमवार

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

काल आजी आल्या. मागवलेले बाण अजून पोचले नव्हते. तसंही आमचं अंगण एवढंसं, समोर शेजाऱ्यांची खिडकी. बाणच नाही म्हणजे कुणाला लागायची भीती नाही, असं मला वाटलं. दोरी कशी चढवायची ते आजींनीच खुर्चीत बसून सांगितलं. मी ओढली, सोडली, आणि काडकन आवाज होऊन धनुष्याचा वरचा भाग मोडून लोंबायला लागला.

आजी मान तिरकी करून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, नीट कळलं नाही, पुन्हा एकदा ओढ.

मामा, मी त्यांना दोरी तुटली, नवी आणते, असं खोटं सांगितलं. बरं, म्हणाल्या. आता त्या वाट बघतायत. मोडकं धनुष्य पार्सलनं पाठवतेय. सरस लावा, पट्टी मारा, पण काहीही करून जोडून द्या.

कळावे. लोभ असावा असं म्हणायलाही लाज वाटते.

तुमची भाची

ता. १३, गुरुवार

चि. खटपटी हिस,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. लाकूड पार मुठीपर्यंत चिरलंय. भिंतीवर टांगण्याइतकं जोडून देईन, पण ते पुन्हा ओढता येणार नाही. जन्मभर गिऱ्हाइकांना, होऊन जाईल, असं सांगत आलो आणि नेमकं तुला सांगता येत नाही.

माझे कान धड असते तर तू फोन केला असतास आणि मी वेळेत अडवलं असतं. हे मनातून जात नाही. आजींना खरं सांग. मी दुसरं काही करू शकत नाही.

कळावे. जेवत जा.

मामा

ता. १६, रविवार

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आज आजींकडे जाऊन सगळं सांगितलं. काहीतरी मोडलं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी पुन्हा ओढ म्हणाल्या, कारण वाटलं की मोडली ती कदाचित खुर्ची असेल. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

न राहवून मी विचारलं, की मोडण्याआधी क्षणभर तरी तो आवाज आला होता का. मला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. आजी म्हणाल्या, आला असेल गं, पण नेमकं त्याच वेळी मी तुला, सावकाश हं, असं म्हणत होते.

कळावे. लोभ असू द्या.

तुमची भाची