माझ्या छातीतून दिसलेलं ग्रहण

माणिकपूर, २० फेब्रुवारी १९८०

तीर्थस्वरूप शत्रुघ्नभाऊजी यांस,

हरेश्वरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचं पित्त आटोक्यात असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. शनिवारपासून सबंध माणिकपूर मला तेच विचारतं आहे आणि उत्तर देऊन देऊन धाप लागली आहे. (ही धाप वेगळी. तिचा फुफ्फुसाशी संबंध नाही.)

माझं क्षयाचं दुखणं तुम्ही, ताई, माझी सुभद्रा आणि दवाखाना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे राहून इंजेक्शनं घेत होतो तेव्हा गावात मी जमिनीच्या दाव्यासाठी मुंबईला जातो असंच सांगितलं होतं. (लोकांना दावा चालतो, खोकला चालत नाही.) बरा झालो तरी तोंड मिटून राहिलो, कारण आमच्या लेकीचं, हंसाचं, राजोडीच्या तुळशीदासभाऊंच्या मुलाशी जमत आलं होतं. छातीचा फोटोसुद्धा घरात नको म्हणून डॉक्टरांच्या कपाटात ठेवला. जन्मात एक शहाणपणा केला, तोच अंगाशी आला.

शनिवारी ग्रहण. आमचे डॉक्टर वेध पाळणारे, ते घरी दारं लावून बसले. दवाखान्यात राहिला कंपाउंडर वॉल्टर. फार भला माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही, आणि म्हणूनच जास्त घातक. नुसत्या डोळ्यांनी सूर्य पाहून लोक आंधळे होतील म्हणून त्याने कपाटातले सगळे एक्सरे काढले आणि ओट्यावर उभा राहून वाटले. कुणाच्या हातात शकूमावशीचा खुबा आला, कुणाच्या हातात रिटाबाईंचे मूतखडे. ज्याला त्याला दुसऱ्याचं काहीतरी मिळालं.

तुळशीदासभाऊ नेमके त्याच दिवशी बोलणी करायला आले होते. ग्रहणात शुभ बोलू नये, सुटल्यावर बसू, म्हणून आम्ही दोघं नाक्यावर दवाखान्यासमोर जाऊन उभे राहिलो. वॉल्टरने व्याह्यांचा मान म्हणून त्यांना सर्वांत मोठा फोटो दिला. त्यांनी तो वर धरला, मग कोपऱ्यातलं पांढऱ्या अक्षरांतलं नाव वाचलं.

"हरेश्वरराव, उजवीकडून सूर्य झकास दिसतो. डावीकडून डोळे दिपतात. हा डाग सूर्याचा, की तुमचा?"

"त्यांचाच, त्यांचाच!" वॉल्टर उत्साहाने ओरडला. "जुना हाय. आता एकदम फस्क्लास!"

मग फोटो हातोहात फिरला. ग्रहण सुटलं तरी लोक तो खाली ठेवीनात. भाऊजी, रोग झाला तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथे हंसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि पाणी आलं. लोक म्हणाले, सूर्याकडे पाहिल्याने येतं.

तुळशीदासभाऊ न बसताच राजोडीला गेले. सुभद्रा जेवली नाही. हंसा म्हणाली, "बापाचा खोकला लपवून मिळणारं घर मला नको." दुसऱ्या दिवशी मी वॉल्टरला फाडफाड बोललो, माणसाची छाती अशी चव्हाट्यावर टांगतात का म्हणून. बिचाऱ्याने कान पकडले, आणि माझं सांत्वन व्हावं म्हणून बाकी गावात कुणाकुणाला काय काय झालं आहे ते सांगायला लागला. मी कानांवर हात ठेवले. (जरा उशिरा ठेवले.)

काल दुपारी तुळशीदासभाऊ पुन्हा दारात. मला वाटलं, मोडलं. त्यांनी मला वाडीत केळींच्या आड नेलं आणि कुजबुजले, "मुंबईचा डॉक्टर कोण तुमचा? मला दिवाळीपासून रोज ताप येतो. घरात कुणाला बोललो नाही."

मी त्यांचा हात धरला. लग्न वैशाखात ठरलं आहे. त्यांच्या तापाबद्दल जिवंत माणसाला सांगणार नाही, अशी शपथ मी घेतली आहे.

तुमचा,
हरेश्वर

ता. क. हे पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवू नये. तुमच्या चाळीच्या भिंती मला माहीत आहेत.

आणखी एक ता. क. तुळशीदासभाऊ सोमवारी तुमच्याकडे येतील. छातीचा फोटो त्यांना स्वतःच्या नावाने काढायचा नाही, आणि माझं नाव आता कामाचं राहिलेलं नाही. म्हणून तुमचं दिलं आहे. कुणी चौकशी केलीच, तर कृपा करून थोडं खोकावं.