कोठला पाय?

अप्पा, काल आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना व्यायाम शिकवणारी मुलगी जिन्यापाशी उभं करून सांगत होती, "काका, चांगला पाय आधी." अर्धांगाचा झटका येऊन गेलेले ते काका निमूटपणे चांगला पाय आधी टाकत होते. मी भाजीची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. माणूस इतक्या सहज सांगितलेलं ऐकू शकतो हे पाहून मला तुमचा नव्याने राग आला. घरी येऊन भाजी तशीच ठेवली आणि लिहायला बसले. लिहितेय पुण्याच्या मराठीत आणि देवनागरीत, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. राजांच्या बरोबर तंजावरला आलेल्या घराण्याचा एवढा डौल, पण सही तमिळमध्ये आणि रुबाब इंग्रजीत. मराठी आपल्या घरात फक्त रागवायला आणि देवाशी बोलायला होती.

रागवायचं म्हणजे काय, तर उंबरठ्यावरून. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत शाळा सुटली की मी धावत यायची आणि तुम्ही दारासमोरच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, पेपर उघडून बसलेले असायचात. मान वर न करता विचारायचात, "कोठला पाय?" मी डावा टाकलेला असायचा. मग परत रस्त्यापर्यंत जायचं, वळायचं आणि उजवा पाय आत टाकून यायचं. बाहेर जातानाही तेच. पेपरातून डोळा न काढता तुम्हाला कसं कळायचं हे मला लहानपणी मोठं गूढ वाटायचं. पुढे कळलं की तुम्ही पाहतच नव्हतात, दरवेळी विचारायचातच, आणि मी घाबरून खरं सांगायची. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतही तुम्ही याच पद्धतीने दरारा राखला असणार. कष्ट काही नाहीत, नुसती मान खाली घालून विचारायचं.

आणि मग तुमचाच उजवा पाय गेला. उजवा हातही गेला, तोंड वाकडं झालं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा तुम्ही अम्माच्या खांद्यावर डोकं टाकून लहान मुलासारखे रडलात आणि मला, खरं सांगते, तुमची फार दया आली. पण ती टिकली नाही. कारण सगळ्यात आधी परत आली ती तुमची वाचा. बोबडी का होईना, पण दिवसभर चालू. नातेवाईक माल्टची डबी आणि फुकटचे सल्ले घेऊन यायचे, पलंगाभोवती बसून कोणाकोणाला असाच झटका आला आणि कोण कोण त्यात गेलं याच्या याद्या सांगायचे, आणि तुम्ही त्यांना आपल्या पूर्वजांच्या गोष्टी ऐकवायचात. कॉफी मी आणायची.

मला त्याच महिन्यात मद्रासच्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही "प्रायव्हेट" हा शब्द जिभेच्या टोकावर धरून, शिळं काही चाखल्यासारखं म्हणायचात. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, जागा राखून ठेवतो, असं त्यांनी कळवलं होतं. अम्मा गुडघ्यांनी अधू. तुम्हाला उचलणं तिच्याच्याने होणार नव्हतं. आपली न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, आणि अंगणाच्या दाराला वीतभर उंच सागवानी उंबरठा. तेवढा एक उंबरठा तुम्ही स्वतः ओलांडू लागलात तर मी मद्रासला जाणार, नाहीतर जन्मभर तंजावरात तुमचा पाय धरून राहणार, इतका सरळ हिशेब होता.

तुमच्यासाठी व्यायाम शिकवायला एक तरुण बाई यायची. ती घड्याळाकडे बघत काम करायची आणि जाताना अम्माकडून कॉफी हक्काने मागून घ्यायची, पण शिकवायची नीट. खुर्चीतून उठताना वजन दोन्ही पायांवर घ्या, उजव्या टाचेवर भार द्या, खिडकीचे गज धरून गुडघा वाकवा. हे सगळं तुम्ही केलंत. चार पायांची काठी घेऊन माडीखालच्या खोलीत फेऱ्याही मारू लागलात. उंबरठ्यापाशी आलं की मात्र गाडी थांबायची. ती म्हणायची, "नल्ला काल मुदल्ले, सार." चांगला पाय आधी, मग चौकट धरून अधू मागून आणायचा. तुमचा चांगला पाय डावा. तुम्ही तिच्याकडे असं पाहायचात जणू तिने तुम्हाला देवळात चपला घालून जायला सांगितलं आहे.

"आमच्या घरात डावा पाय आधी पडत नाही," तुम्ही म्हणालात. "माझ्या आज्ज्याच्या वेळेपासून नाही."

म्हणून काय व्हायचं, तर दिवसातून जितक्या वेळा तुम्हाला मागे जायचं असेल तितक्या वेळा मी खाली बसायची, तुमचा तो मेलेला उजवा पाय घोट्याला धरून उचलायची आणि उंबरठ्यापलीकडे ठेवायची. जड, गार, फुगलेला पाय. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात टेकून डावा मागून आणायचात. परत येताना पुन्हा तेच. हातात इंजिनियरिंगची पदवी, आणि काम तुमच्या पायाचं शास्त्र सांभाळायचं. मला तुमच्या त्या पायाची किळस नव्हती येत, अप्पा. किळस यायची ती पाय ठेवून झाल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं त्याची.

एकदा वाटेल ते करून तुम्हाला तुमची टेक दाखवायची होती. ओरत्तनाडूहून तुमचे मावसभाऊ आले होते. निघताना त्यांना दारापर्यंत पोचवायला तुम्ही उठलात, मला लांब राहायची खूण केलीत आणि पुढच्या उंबरठ्यावर उजवा पाय स्वतः उचललात. बोटं अडकली. तुम्ही तिण्णैवर सपशेल तोंडघशी पडलात. मावसभाऊ "अय्यो, अय्यो" करत उभे राहिले. त्यांनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. हाड मोडलं नाही, पण तुमचा धीर मोडला. त्यानंतर नुसतं खुर्चीतून उठायच्या आधीही तुम्ही अम्माला हाक मारायचात. महिनाभराची मेहनत एका पाहुण्यासमोर मिरवण्यात घालवलीत. तुमच्याविषयी जी काही भक्ती माझ्यात शिल्लक होती ती मी त्या दिवशी तिण्णैवरच्या रक्ताबरोबर फडक्याने पुसून टाकली.

शेवटी त्या बाईचीही सहनशक्ती संपली. डावा पाय टाकणार नसाल तर मी उद्यापासून येत नाही, असं तिने सांगितलं. तुम्ही तिला पूर्वजांची गोष्ट सुरू केलीत. राजाबरोबर आले, जमीन मिळाली, वगैरे. ती बिचारी पदर सावरून ऐकत होती. मी स्वयंपाकघरातून आले, हातात अडईचं, त्या जाड डोशाचं, उलथणं तसंच, आणि जन्मात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. "राजाबरोबर आले ते चालतच आले की! त्यांस दोन पाय होते की नाही? त्यातला एक डावा असंल!" बाईला मराठी कळत नव्हती, तरी ती हसली. अम्मा मला म्हणाली, "असं बोलू नये गे, तुझे अप्पा." मला वाटलं होतं तुम्ही जेवण सोडाल. पण तुम्ही नेहमीसारखं दहीभातापर्यंत जेवलात आणि वर लोणच्यात मीठ कमी म्हणालात.

पोंगल आठवड्यावर आलं होतं. एका सकाळी मी दारापुढे कोलमची रांगोळी घालत होते आणि मागच्या अंगणात काठीचे चार पाय दगडावर वाजल्याचा आवाज आला. धावत गेले तर तुम्ही न्हाणीच्या भिंतीला टेकून उभे. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर भीती आणि तोरा दोन्ही. मी काही विचारायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "मागलं दार हे दार नव्हे. तिथनं खरकटं जातं. तिथं कोठला बी पाय चालतो." म्हणजे शास्त्र मोडलं नाहीत, शास्त्रातून पळवाट काढलीत. सरकारी कचेरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. मग भिंतीकडे बघत विचारलंत, "मद्रासची बस किती वाजतां?" एवढंच. जा म्हणाला नाहीत, सुखी राहा म्हणाला नाहीत. माझ्या साऱ्या आयुष्याचा निकाल तुम्ही संडासाच्या वाटेवर दिलात.

मी निघाले त्या सकाळी अम्मा रस्त्यात ऑटोपाशी होती. ऑटोवाल्याने माझी ट्रंक मागे उभी बांधली होती आणि तो अम्माला सांगत होता की काही होत नाही. शेजारपाजारचे सगळे तिथेच जमले होते, सगळ्यांचं लक्ष ट्रंकेवर. मी तुमच्या पाया पडून बाहेर आले होते. तुम्ही आत, पुढच्या उंबरठ्याच्या अलीकडे. पुढचं दार म्हणजे दारच, तिथे पळवाट नाही, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी चपला घालायला वाकले आणि पुन्हा सरळ झाले तेव्हा तुम्ही तिण्णैवर होतात, खांबाला धरून, आणि ऑटोवाल्यावर ओरडत होतात की ट्रंक आडवी बांध, बिजागरी तुटेल, तुला कोणी शिकवलं. अम्माने वळून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "कसे आलात हो?" तुम्ही म्हणालात, "उजव्या पायानं. आणि कसा येईन?"

पुढचं मला अम्माने फोनवर सांगितलं. तुम्ही बाहेर आलात खरे, पण आत डाव्या पायाने जाणं म्हणजे घरात अवदसा नेणं, म्हणून ऊन तिण्णैवर येईपर्यंत तिथेच बसून राहिलात. जाणाऱ्या-येणाऱ्याला माझ्या नोकरीबद्दल सांगत होतात म्हणे, कंपनीचं नावही चुकीचं सांगत होतात. शेवटी उंबरठ्यावरच बसलात आणि दोन्ही पाय एकदम उचलून आत फिरवलेत. "आतां सांग, कोठला आधी?" असं अम्माला विचारलंत. मग रोजचं तेच झालं. बसायचं, दोन्ही पाय एकदम फिरवायचे, बाहेर आणि आत. जाईपर्यंत तुम्ही तसेच तिण्णैवर येऊन पेपर वाचत राहिलात, आणि नातेवाइकांना सांगत राहिलात की लेक मद्रासला गेली तेव्हा मी स्वतः उजव्या पायाने दारापर्यंत गेलो. ते माना डोलवायचे. त्यांना काहीही सांगितलं तरी ते माना डोलवायचे. मी सुट्टीला आले की माझ्यासमोरही सांगायचात, आणि सांगून झालं की माझ्याकडे न पाहता पेपर उघडायचात.

तुमच्याविषयी चांगलं बोलायला मला आजही जड जातं. तुम्ही हट्टी होतात, दिखाऊ होतात, आणि एका लाकडी पट्टीसाठी मला महिनेच्या महिने जमिनीवर बसवलंत. हे पत्र दुमडून भाजीच्या पिशवीखाली ठेवीन आणि उद्या ते रद्दीत जाईल. पण एवढं लिहायचं राहिलं आहे. चपला घालताना मी वाकले होते, तेव्हा माझी नजर बरोबर उंबरठ्याच्या उंचीवर होती. तुमचा चांगला हात चौकटीवर पांढरा पडला होता. "कोठला पाय?" हे शब्द माझ्या तोंडात आले होते, सगळ्या लहानपणाचा सूड उगवायला तेवढे दोन शब्द पुरले असते. मी चपलेचा अंगठा नीट करत राहिले, लागत होता त्यापेक्षा जास्त वेळ, तुम्ही खांबापर्यंत पोचेपर्यंत. डावा होता, अप्पा. मी पाहिला.