‘हाड’ या शब्दाच्या उगमाविषयी

ती. मामा,

सा. नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचं ब्लडप्रेशर, दोन्ही ठीक असतील असं धरून चालते. मी ठीक आहे. सरळच विचारते: कुत्र्याला हाकलताना आपण ‘हाड’ म्हणतो, तो शब्द आला कुठून? माझ्याकडच्या कोशात ‘कुत्र्यास हाकलण्याचा उद्गार’ एवढंच आहे. तुम्ही तीस वर्षं शब्दांचे उगम वहीत उतरवताय (आणि जेवायला बसलेल्या माणसाला ऐकवताय), म्हणून तुम्हालाच विचारते. फोन केला नाही, कारण तुम्ही उगम सांगायला लागलात की माझी जेवणाची सुट्टी संपते.

आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात एक कुत्रा राहतो. वजन चौदा किलो तीनशे पन्नास ग्रॅम (मीच केलं, दोनदा). पिल्लू असल्यापासून वॉचमन, कँटीनच्या मावशी, ट्रकवाले, सगळे त्याला हा एकच शब्द म्हणत आले. त्यामुळे ते आपलं नाव आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. ‘हाड’ म्हटलं की शेपटी हलवत धावत येतो. परवा साहेबांनी पाहुण्यांसमोर त्याला हाकललं. जितकं हाकललं तितका तो जवळ आला आणि शेवटी त्यांच्या बुटावर डोकं ठेवून झोपला. साहेबांनी फर्मावलं, सोमवारी पालिकेची गाडी बोलवा. परवाना असलेला कुत्रा गाडी नेत नाही, म्हणून मी परवाना काढायला गेले. (मला कुत्र्यांची आवड नाही. पण त्याने हाती असलेल्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे, आणि बरोबर निष्कर्षाबद्दल शिक्षा मला मान्य नाही.)

अर्जात नाव लिहिलं: हाड. कारकून म्हणाले, “ताई, थट्टा करताय का? सरकारी कागदावर शिवी चालत नाही. मोती लिहा, वाघ्या लिहा.” पण तपासनीस घरी येऊन नावाने हाक मारतात, कुत्रा आला नाही तर अर्ज रद्द. मी अकरा नावांची चाचणी घेतली होती, प्रत्येकी वीस वेळा, दहा मीटरवरून. ‘मोती’ला तो एकदा वळला, पण तेव्हा मागे मावशी डबा उघडत होत्या. ‘हाड’ला वीसपैकी वीस. कारकुनांनी कपाळावर हात मारला. “ही शिवी नाही असं कुणा जाणत्या माणसाकडून लिहून आणा, मग बघू.” जाणता माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

उत्तर शुक्रवारपर्यंत हवं. उगम सापडला नाही तर ‘सापडला नाही’ लिहा, ओढूनताणून संस्कृतात नेऊ नका. शिवी नाही, हे मात्र ठाम लिहा.

तुमची भाची

ता. क. १ : सहीखाली ‘निवृत्त मुख्याध्यापक’ लिहा. शिक्का अजून जवळ असेल तर तोही मारा.

ता. क. २ : माझ्या घरमालकांच्या करारात कुत्रा बसत नाही, म्हणून अर्जात त्याचा पत्ता तुमचा दिला आहे. शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघं येतो.

ता. क. ३ : मामींना आधी काही सांगू नका. दारात त्याला बघून त्या जे ओरडतील ते ओरडू द्या. तपासनीसांना मी तीच वेळ दिली आहे.